मद्याचें द्राक्ष लावण्यापूर्वीं

खाण्याचीं द्राक्षें काढून त्यांच्या जागीं मद्याचीं लावावींत काय, असा विचार लातूर-औसा भागांतील कांहीं बागाइतदार बंधूंच्या मनांत घोळत असल्याचें आमच्या कानीं आलें आहे. आमचें मत प्रतिकूल आहे. दारूच्या बऱ्यावाईटाचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. पिकलेला माल कोणाच्या हातीं राहतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या धंद्याचें मूळ पाहूं गेल्यास कॉकेशस पर्वतांतील जॉर्जिया देशाकडे वळावें लागतें. तो महाराष्ट्राच्या चौथाईहूनहि लहान. पण तेथें देशी द्राक्षजाती पांचशेंवर आहेत, आणि मद्याचा पुरावा आठ हजार वर्षांचा. रकाट्सितेली ही तेथील पांढरी जात, सापेरावी काळी. हिचा गरदेखील तांबडा निघतो. क्वेव्री नांवाचा मोठा रांजण आपल्या पेवाप्रमाणें जमिनींत पुरतात व त्यांत रस सालीबियांसकट आंबत ठेवितात. खेड्यापाड्यांतून शेतकरी घरचें मद्य घरींच करितो. सन २००६ मध्यें रशियानें तेथील मद्याची आयात बंद केली, ती २०१३ मध्यें खुली झाली. सर्वांत मोठें गिऱ्हाईक गेलें, नुकसान झालें. तथापि द्राक्षें घालावयास घरचा रांजण तरी होता.

आपल्याकडे द्राक्ष नवें नाहीं. दौलताबादेस तें वर्षांतून दोनदां फळतें, असें इब्न बतूता चौदाव्या शतकांत नमूद करून गेला. तेथील हबशी, फकडी या जाती आज किती जणांस ठाऊक आहेत? बाजारानें मागितलें तें राहिलें, बाकीचें गेलें.

मद्याचीं द्राक्षें बारीक, जाड सालीचीं व बियांचीं असतात. खाणारा त्यांस विचारीत नाहीं, आणि परवान्यावांचून मद्य करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां कारखानदार हेंच एक गिऱ्हाईक. सन २००१ च्या धोरणानें विंचूर व पलूस येथें कारखान्यांच्या वसाहती आंखल्या गेल्या. दोन्ही आपल्यापासून दूर, आणि उन्हांत तोडलेला घड गाडींत फार काळ तग धरीत नाहीं. नाशिककडे याचा अनुभव येऊन चुकला आहे. २००८ च्या मंदीनंतर कित्येक कारखान्यांनीं माल उचलला नाहीं, आणि शेतकऱ्यांनीं भर फळावरच्या वेली उपटून टाकल्या.

थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश विकली न गेली तर निदान बेदाणा होतो. आपल्याकडील फाल्गुन-चैत्रांतील कोरडी हवा त्यास अनुकूल आहे, आणि तासगांवचा बाजार प्रसिद्धच आहे. बियांच्या द्राक्षास तीहि वाट नाहीं.

इतक्यावरहि ज्यांस लावावयाचींच असतील त्यांनीं प्रथम करार लेखी घ्यावा. दर किती, गोडी किती अंशांवर धरणार, वजन कोणाच्या कांट्यावर, आणि माल न उचलल्यास भरपाई काय, हें सारें त्यांत असावें. वेल दहा-बारा वर्षें उभी राहावयाची. करार दोन हंगामांचा असल्यास त्यावर सही करूं नये.