दत्तक: पॉडकास्टमध्ये ऐकलेलं आणि दवाखान्यात दिसणारं

पॉडकास्ट ऐकणारे लोक आता फक्त पुण्या-मुंबईत उरलेले नाहीत. दासगावहून महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा मुलगा इअरफोन लावून ऐकतो. गणपतीला गावी येणारे चाकरमानी हायवेवर अडकले की गाडीत ऐकतात. दुपारची कामं आटपल्यावर घरातल्या बायकाही मोबाइल भिंतीला टेकवून ऐकतात. मन, नाती, आईबापपण अशा विषयांवर तासभर निवांत बोलता येतं, हे मराठीत ‘अमुक तमुक’सारख्या कार्यक्रमांनी लोकांना पटवलं. मूल दत्तक घेतलेल्या आईवडिलांच्या गप्पाही आता सहज ऐकायला मिळतात. मूलबाळ नसलेल्या जोडप्यांना मी त्या ऐकायला सांगतो. दोघांनी एकत्र बसून ऐका, एवढीच अट घालतो.

पण या गप्पांबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथे बोलणारं कुटुंब बहुतेक वेळा शहरातलं, शिकलेलं, घरच्यांना पटवून झालेलं असतं. गोष्ट सुखाच्या टप्प्यावर आली की मग ती सांगितली जाते. आपल्या भागात अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि तिचं नाव आहे लपवाछपवी. दत्तकाला घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही. ते लपवण्यातून मात्र आजार होतात, आणि म्हणून हा लेख.

‘डॉक्टर, कुठे एखादं बाळ असेल तर आम्हाला सांगा.’ हे वाक्य तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी आणि नर्सनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. असं मागणारी माणसं वाईट नसतात. दहा-बारा वर्षं उपचार करून पैसे संपलेले असतात. सुनेला बारशाला, ओटीभरणाला बोलावणं बंद झालेलं असतं. (नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र कित्येकदा एकदाही झालेली नसते, हे जाता जाता सांगतो. कारण पुरुषात असणं ही काही विरळा गोष्ट नाही.) त्यांची इच्छा एवढीच असते की कुणा अविवाहित मुलीचं बाळ गुपचूप मिळावं, दवाखान्याच्या कागदावर आई म्हणून आपलंच नाव लागावं आणि गावात कानोकान खबर नसावी.

असं बाळ हातोहात देणं-घेणं हा गुन्हा आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 80 नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे दिले-घेतले असतील तर ती मुलाची विक्री ठरते आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते. त्यात दवाखान्यातलं कुणी सामील असेल तर शिक्षा किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची. पण तुरुंग घटकाभर बाजूला ठेवू. त्या बाळाचं काय होतं ते बघा. त्याचा जन्मदाखलाच खोटा असतो. दोन-तीन वर्षांनी कुणी तक्रार केली, तर तुम्हाला ‘आई-बाबा’ म्हणणारं मूल तुमच्या कडेवरून उतरवून संस्थेत न्यावं लागतं. आणि तक्रार झाली नाही, तरी त्या कुटुंबाला मधल्या माणसाच्या मुठीत जन्मभर राहावं लागतं.

पॉडकास्टमध्ये जिचा आवाज जवळजवळ कधीच येत नाही, ती म्हणजे जन्म देणारी आई. तिला काय माहीत असायला हवं? बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे कायदेशीर सोपवता येतं. तिचं नाव गुप्त ठेवलं जातं. आधी समुपदेशन होतं आणि कागदावर सही केल्यावरही विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत ती बाळ परत मागू शकते. वाट माहीत नसेल तर 1098 या नंबरवर फोन करावा, किंवा आशाताईला, नर्सला सांगावं. आई स्वतः अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे आम्हा डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. मात्र त्यामुळे तिचे उपचार किंवा बाळाची सोय अडत नाही. बाळ रस्त्यावर टाकून जाणं गुन्हा आहे, समितीच्या हाती देणं गुन्हा नाही. हा फरक न कळल्यामुळे एखाद्या बाळाचा जीव जातो.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं आणि वाटलं तर बाळ तिथेच ठेवून जावं, अशी ती सोय होती. तिथेच 1874 साली एका विधवेला झालेला मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला. आईची ओळख झाकली, पण मुलाचं दत्तक असणं झाकलं नाही. जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात त्यालाच वारस नेमलं. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने अग्नी देण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. यशवंत पुढे डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगमध्ये त्यांनी पुण्याजवळ हडपसरला रुग्णांवर उपचार केले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा मृत्यू झाला. आमच्या पेशातला हा दत्तकपुत्र मला फार जवळचा वाटतो.

आता सरळ वाट कोणती, ते थोडक्यात सांगतो. नात्यातलं मूल, समजा दिराचं, घ्यायचं असेल तर 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तकपत्र नोंदवून घेता येतं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्याच्या वयाच्या वगैरे अटी आहेत, त्या वकिलाकडून समजून घ्या. ‘घरातलंच आहे, कागद कशाला?’ असं म्हणू नका. पुढे शाळेत आणि जमिनीच्या वाटणीत त्याच कागदाची गरज पडते. बाहेरचं मूल घ्यायचं असेल तर ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं. ही वाट कुठल्याही धर्माच्या माणसाला मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. दासगाव-महाडच्या मुस्लिम कुटुंबांनाही हे माहीत असावं, म्हणून मुद्दाम लिहितो. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. नोंदणीनंतरही लहान बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच उपचारांत चाळिशी गाठू नका. उपचार चालू असतानाच या पर्यायाबद्दल बोलायला लागा.

चार-पाच वर्षांची किंवा आजारपण असलेली मुलं मात्र वाट बघत राहतात. ‘मोठं मूल लळा लावत नाही’ ही समजूत मला मान्य नाही. त्याला वेळ लागतो, हे मात्र खरं. रोमानियात 2000 साली बुखारेस्टच्या अनाथालयांमधल्या 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी मुलं सांभाळासाठी कुटुंबांत पाठवली होती. संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जास्त सावरला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा सर्वांत जास्त. तुमच्या घरी आलेलं मूल उशीखाली भाकरी लपवत असेल किंवा अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडत असेल, तर तो त्याचा स्वभाव नव्हे. ती आधीच्या दिवसांची खूण आहे. ओरडू नका, डब्यात खाऊ ठेवा आणि तो डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा.

दत्तक हा शब्द आपण इतका सैल करून टाकला आहे की त्याचाही त्रास होतो. झाड दत्तक, शाळा दत्तक, गाव दत्तक. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गेलं, 19 जुलै 2023 ला खालापूरकडची इर्शाळवाडी. इर्शाळवाडीनंतर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अनाथ मुलांचं पालकत्व घेत असल्याचं जाहीर केलं आणि बातम्यांत ते ‘दत्तक’ झालं. मदत चांगलीच आहे, पण पालकत्व वेगळं आणि दत्तक वेगळं. दत्तकात मुलाचं कायदेशीर घर बदलतं. 2021 मध्ये कोरोनात ‘आईवडील गेलेली दोन महिन्यांची मुलगी आहे, दत्तक हवी असल्यास फोन करा’ अशा धर्तीचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरले, ते याच गोंधळामुळे. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, 1098 ला कळवा.

दरडीत आईबाप गेलेल्या मुलाला बहुतेक वेळा आजी असते, काका असतो. त्याला आपल्याच माणसांत राहू देणं आणि त्या माणसांच्या हाताला आधार देणं, हे आधी. त्यासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज अलिबागच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. गावातल्या किती ग्रामसभांनी अशा मुलांची यादी करून ती पाठवली, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारून बघा. दासगावची माणसं दरडीनंतर कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. गाव दत्तक घेण्याच्या घोषणांपेक्षा मला या अर्जांचा पाठपुरावा मोलाचा वाटतो. आणि पावसाचा जोर वाढला की अशा मुलाच्या पोटात दुखतं, ते अंथरूण ओलं करतं, तेव्हा त्याला ‘नाटकं करतो’ म्हणू नका, दाखवायला आणा.

आता मूळ मुद्दा: मुलाला सांगायचं का आणि कधी? सांगायचं, आणि शक्य तितक्या लवकर. तीन वर्षांच्या मुलाला ‘दत्तक’चा अर्थ कळत नाही, पण शब्द कानावर असावा, तोही हसतमुखाने उच्चारलेला. ‘आम्ही तुला घ्यायला गेलो तो दिवस’ ही त्याची आवडती गोष्ट व्हायला हवी. मग सातव्या-आठव्या वर्षी त्याला अर्थ कळायला लागतो, तेव्हा ते थोडं उदास होतं आणि जन्मदात्या आईबद्दल विचारतं. विचारू द्या. ‘तिने तुला टाकलं’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून नको. ‘तिला सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं’ इतकं पुरतं. आणखी एक सांगतो. आपल्याकडे पोरांना चिडवायला ‘तुला बोहारणीकडून घेतलं’ म्हणायची पद्धत आहे. दत्तक मूल असलेल्या घरात हा विनोद बंद.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आजी म्हणते. पण गावात ती मूठ झाकलेली नसतेच. मुलाखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. मग एखाद्या भांडणात शेजारचं पोर बोलून जातं, किंवा शाळेत रक्तगट शिकवतात. आई आणि बाबा दोघांचा रक्तगट ओ असेल तर मुलाचा ए किंवा बी येत नाही, हे मुलगा वहीत सोडवून बघतो. (अपवाद असतात. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ 1952 साली मुंबईतच सापडला. पण तो अपवाद सांगून पंधरा वर्षांच्या पोराचं समाधान होत नाही.) त्या दिवशी त्याला दत्तक असण्याचा धक्का कमी बसतो. पंधरा वर्षं सगळे खोटं बोलले, याचा जास्त बसतो. असं उशिरा कळलेलं मूल अभ्यासातून लक्ष काढतं, घर सोडतं, कधी जिवावर उठतं.

शिवाय आम्ही दवाखान्यात ‘घरात कुणाला डायबेटिस, बीपी, थॅलेसेमिया?’ असं विचारतो, ते फॉर्म भरण्यासाठी नव्हे. तुम्ही गुपित राखायला स्वतःचे आजार सांगितलेत, तर आम्ही चुकीच्या दिशेने शोधत बसतो. ‘माहीत नाही’ हे उत्तर खोट्या उत्तरापेक्षा फार उपयोगी असतं. ते मिळालं की आम्ही जास्त तपासण्या करतो. डॉक्टरला एकट्यात सांगा, ते बाहेर जात नाही. संस्थेने दिलेला वैद्यकीय अहवाल जपून ठेवा आणि मूल स्वीकारण्याआधी तो आपल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. तशी मुभा असते.

राहता राहिली आई. इतकी वर्षं वाट बघून बाळ घरी आलं, पेढे वाटले आणि पंधरा दिवसांनी तीच बाई न्हाणीघरात जाऊन रडते. झोप नाही, बाळ आपलंसं वाटत नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण ‘तुलाच हवं होतं ना?’ हे उत्तर ठरलेलं. बाळंतपणानंतर येते तशी उदासी दत्तकानंतरही येते, बापालाही येते. आठ-दहा दिवसांत सुधारली तर ठीक. दोन आठवड्यांहून जास्त टिकली, खाण्यावरची वासना गेली किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर दाखवायला या. यायला जमत नसेल तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.