चढाचे हप्ते

एकदा सायकल आली की ती जन्मभर विसरत नाही, असे आपण सगळेच म्हणतो. तोल सांभाळण्यापुरते ते खरे आहे. पण साठी ओलांडलेली माझ्यासारखी मंडळी हौसेने गिअरची सायकल घेतात आणि दोन महिन्यांत ती जिन्याखाली धूळ खात पडते, हेही तितकेच खरे. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले: ‘गुडघे बोलायला लागले हो!’ ते गुडघे नेमके काय बोलताहेत, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही.

आमची पिढी सायकल शिकली ती मधल्या नळीखालून पाय घालून. सायकल वडिलांची, आम्ही दहा वर्षांचे. अंग वाकडे करून सायकलशी जमवून घ्यायचे, हा पहिला धडा. तो इतका मुरला, की आजही दुकानात गेल्यावर आपण रंग पाहतो, किंमत पाहतो. पण ‘माझे माप घ्या’ असे म्हणत नाही. सदऱ्याला माप लागते, चपलेला लागते. ज्या सीटवर बसून हजारो वेळा गुडघा वाकवायचा, तिला नको?

माप फार अवघड नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली गेले की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडासा बाक उरतो, आणि तेवढाच हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते. हात अवघडून तळव्यांना मुंग्या येत असतील, तर हँडल लांब पडते आहे.

अडचण भीतीची असते. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, अशी आपली सवय. योग्य उंचीच्या सीटवरून ते टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकायचे असतात. ही एक गोष्ट अंगवळणी पडायला मला आठ दिवस लागले.

आता गिअर. मी इंदुरीला राहतो. इंद्रायणीच्या काठावरून तळेगावकडे निघाले की चढ लागतो. माझ्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते होते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरे. सपाटीवर झकास, चढावर छाती फुटे. नवीला सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ दाते. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला, तरी चाकाचा एक फेरा पुरा होत नाही. बँकेतल्या माणसाला हे चटकन कळते. चढ म्हणजे मुद्दल. ते कमी होत नाही. गिअर फक्त हप्ते लहान पाडून देतो.

मात्र खटका कधी दाबायचा, हे शिकावे लागते. डावा खटका पुढच्या चक्रांचा, उजवा मागच्या. चढ सुरू झाल्यावर सगळा जोर लावलेला असताना गिअर बदलला, तर चेन करकरते. चढ दिसताच, पाय फिरते ठेवून पण जोर थोडा कमी करून, बदलावा. पुढचे मोठे आणि मागचेही मोठे चक्र एकदम लावू नये. चेन तिरकी ओढली जाते. नवी तार पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैलावते, खटके नीट बसत नाहीत. तेव्हा सायकल बिघडली असे समजू नये. तार ताणून घ्यावी.

हलका गिअर लावणे म्हणजे हार, असा समज जुनाच आहे. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आँरी देग्राँज यांना गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे काम वाटे, असे सांगतात. त्या शर्यतीत चेन सरकवणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली ती १९३७ साली. आज त्याशिवाय तिथे कुणी घाट चढत नाही. मग आपणच का लाजावे?

हा प्रश्न आम्हा म्हाताऱ्यांपुरता नाही. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलींना सायकली मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण आठवीतली मुलगी दहावीला जाईतो केवढी उंच होते! तिच्या सीटची उंची त्या दोन वर्षांत कुणी पाहिली का? दर जूनमध्ये शाळेने एक पाना आणि एक दुपार खर्च केली, तरी पुष्कळ होईल. दुकानदारांनीही विक्रीच्या वेळी दहा मिनिटे काढून गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून पाहावे. आणि ते काढत नसतील, तर गिऱ्हाइकाने मागून घ्यावीत.

दुखणे राहिलेच, तर डॉक्टर आहेतच. पण वयाला दोष देण्याआधी सीटचा बोल्ट सैल करून ती दोन बोटे वर घेऊन पाहावी. पुष्कळदा म्हातारपण तेवढ्यावरच अडलेले असते.