फिरणे की फिरवणे?

मराठी व्याकरणात 'प्रयोजक क्रियापद' नावाचा एक प्रकार आहे. हसणे - हसवणे, पळणे - पळवणे. पहिल्यात माणूस स्वतः काहीतरी करतो, दुसऱ्यात कोणीतरी त्याला ते करायला लावतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी जेवढ्यास तेवढं होतं आणि हे प्रकरण मी निव्वळ दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते पुढे स्विंग डान्स शिकताना कामाला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण भांडण नेमकं तिथेच आहे, मंडळी! पार्टनर डान्समधला सगळ्यात पहिला, सगळ्यात सोपा अंडरआर्म टर्न घ्या. मुलगा हात वर करतो, मुलगी त्या हाताखालून गोल जाते. आता सांगा, ती फिरते की तो तिला फिरवतो?

आपल्याकडे गॅदरिंगच्या आधी सालसा, जाइव्ह, स्विंग असं काही ना काही वर्कशॉप होतंच. पहिली ऑर्डर ठरलेली: मुलं इकडे, मुली तिकडे. मग पाऊण तास मुलांना शिकवतात आणि मुलींना सांगतात, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्हाला फक्त फॉलो करायचंय, तो फिरवेल." माझा सगळा आक्षेप या शेवटच्या दोन शब्दांना आहे. तो फिरवणार नाही. त्याला ते शक्यच नाही! आणि हे मी स्त्रीमुक्तीच्या भाषणातून उचललेलं नाही, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधून उचललंय.

आधी टर्न नीट बघू. सहा काउंटचा बेसिक असतो. एक-दोनला रॉक स्टेप, म्हणजे एक पाय मागे टाकून वजन मागे न्यायचं आणि लगेच पुढच्या पायावर परत यायचं. तीन-आणि-चारला ट्रिपल स्टेप, दोन बीट्समध्ये तीन छोटी पावलं. पाच-आणि-सहाला आणखी एक तशीच. लीड डाव्या पायाने मागे जातो, फॉलो उजव्या. तिचा उजवा हात त्याच्या डाव्या हातात. दोनच्या शेवटी शेवटी त्याचा हात वर जातो, तीन-आणि-चारला ती त्याखालून पुढे जाता जाता उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांसारखी वळते, तेवढ्यात तो तिच्या जागेकडे सरकतो, आणि सहाला दोघं पुन्हा समोरासमोर. जागा तेवढ्या बदललेल्या. बस्स, एवढंच.

आता फ्री बॉडी डायग्रॅम काढा. टर्नच्या मधोमध दोघांचे हात तिच्या डोक्याच्या बरोबर वर आहेत. तिचा अ‍ॅक्सिस म्हणजे पायापासून डोक्यापर्यंतची उभी रेघ. लीडने हाताला कुठल्याही दिशेने हिसका दिला तरी त्या फोर्सची रेषा अ‍ॅक्सिसमधूनच जाणार. मोमेंट आर्म शून्य, म्हणून तिला फिरवणारा मोमेंटही शून्य. उरतं काय? जमिनीपासून सहा-साडेसहा फुटांवर लागलेला आडवा फोर्स. तो फिरवत नाही, पाडतो! दुसरा एकच मार्ग राहतो, तिचा हात घट्ट धरून स्क्रू-ड्रायव्हरसारखा पिळायचा. तो पीळ मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात जातो. शरीरात सगळ्यात जास्त दिशांना हलणारा सांधा खांद्याचा, आणि म्हणूनच तो निखळतोही चटकन.

मग तिला फिरवतं कोण? जमीन. ती पायाने जमिनीला ढकलते, जमीन तिला उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी काही नाही.

लीड म्हणून मग नुसता शोभेचा बाहुला का? मुळीच नाही. वेळ त्याच्या हातात असते. हात दोनच्या शेवटी वर गेला नाही आणि तीनला गेला, तर तिचं पाऊल आधीच सरळ पडलेलं असतं आणि टर्न गेला. रॉक स्टेपला दोघं किंचित मागे रेलतात, तेव्हा हातांमध्ये जो ताण येतो तोही दोघांनी मिळून सांभाळायचा असतो. फुगडी घातलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. फरक इतकाच की फुगडीत हात सोडला तर आपटायला होतं, आणि इथे टर्नच्या वेळी हात आवळला तर. लीडने दोन बोटं खाली सोडायची, तिने त्याभोवती बोटांचा सैल हूक ठेवायचा. बेअरिंगला क्लिअरन्स लागतो ना, तसंच. कोपर वाकलेलं, हात कपाळाच्या जरा पुढे, आपल्याला दिसेल असा. डोक्याच्या मागे गेलेला हात म्हणजे खांद्याच्या दुखण्याला आमंत्रण.

थोडक्यात, वर गेलेला हात हा सिग्नल आहे. चौकातला दिवा हिरवा होतो म्हणून काही तो आपली स्कूटी चालवत नाही.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? कारण त्या "तो फिरवेल" मुळे दोघांचंही नुकसान होतं. मुलगा बिचारा जोर लावतो, कारण त्याला वाटतं हे काम आपलं. मुलगी अंग सैल सोडून वाट बघते, कारण तिला सांगितलेलंच तसं असतं. एका वर्कशॉपनंतर माझ्या रूममेटचा उजवा खांदा आठवडाभर दुखत होता. "हात वर करवत नाही गं," म्हणायची. (हे शक्य क्रियापद बरं का, तेही दोन मार्कांचं!) सबमिशनचा आठवडा, सगळी जर्नल्स लिहायची बाकी. शिकवणाऱ्याला जाऊन सांगितलं तर उत्तर काय? "तू स्टिफ आहेस. ट्रस्ट युअर पार्टनर." म्हणजे ओढणारा तो, आणि स्टिफ ही! त्यानंतर तिने पार्टनर डान्सचं नावच टाकलं. तिला हे चाळीस मिनिटांत नीट शिकवता आलं असतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

"पण परंपराच तशी आहे," असं एक जण म्हणाला. कुठली परंपरा? हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय मुलामुलींचा. १९२६ साली लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर, १४० आणि १४१ नंबरच्या रस्त्यांच्या मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडली, आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाचायची सोय नव्हती तेव्हा तिथे ते एकाच फ्लोअरवर नाचत. चिक वेबचा बँड वाजवायचा. लिंडी हॉप तिथे वाढला, तो माईकवरून काउंट ऐकून नव्हे, एकमेकांचं बघून. त्या फ्लोअरवरच्या नॉर्मा मिलर (१९१९-२०१९) आणि इतरांचा नाच 'हेल्झापॉपिन' या १९४१ च्या सिनेमात आहे, जरूर बघा. यातल्या कुठल्याही बाईला कोणी फिरवतंय असं म्हणायची हिंमत होणार नाही! सहा काउंटचं सोपं, आटोपशीर पॅकेज त्या मानाने नंतरचं. आर्थर मरे यांच्यासारख्या डान्स स्टुडिओंनी ते नवशिक्यांसाठी केलं, आणि त्याला आज ईस्ट कोस्ट स्विंग म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. ते नसतं तर माझ्यासारख्यांचा निभाव लागला नसता. पण सोपं करता करता अर्धा नाच गाळून कसं चालेल?

सॅव्हॉयचाच फ्रँकी मॅनिंग (१९१४-२००९) पुढे कित्येक वर्षं पोस्टात नोकरी करत होता. ऐंशीच्या दशकात तरुण डान्सर्सनी त्याला शोधून काढलं आणि म्हातारपणी तो जगभर शिकवत हिंडला. तो लीड्सना पार्टनरसमोर कमरेत वाकून अभिवादन करायला लावायचा. आपल्याकडे निदान नाव तरी विचारा.

(आणि "हे परदेशी फॅड कशाला" म्हणणाऱ्यांसाठी: १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर, हिरो आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव, बँड गोव्याच्या चिक चॉकलेटचा. आपल्या आजोबांनी हा ठेका कधीच पचवलाय.)

आता माझं म्हणणं. पहिली दहा मिनिटं कोणी कोणाचा हात धरायचा नाही. सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, ट्रिपल स्टेपमध्ये एकट्याने टर्न घ्यायचा. ज्याला एकट्याला वळता येत नाही त्याला कोणीही वळवू शकणार नाही. दुसरं म्हणजे दोन्ही रोल सगळ्यांना शिकवा. माझी शाळा मुलींची. अ‍ॅन्युअल डेला कपल डान्स असला की उंच मुली 'मुलगे' व्हायच्या, त्यामुळे पाच फूट सहा इंचांच्या मला चार वर्षं टाय लावून नाचावं लागलं. तेव्हा वैताग यायचा. पण लीड केल्यामुळे एक कळलं, की समोरची वळतेय की थांबलीय हे बोटांना आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर. हे प्रत्येक मुलीला कळायला हवं, आणि हिसका बसला की कसं वाटतं हे प्रत्येक मुलाला.

यात मुलांचाच फायदा आहे. मेकॅनिकलला मुली किती हे मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही. दर वर्कशॉपला निम्मी मुलं "पार्टनर नाही" म्हणून भिंतीला टेकून मोबाईल बघत बसतात. मुलगा मुलासोबत नाचेल? "शी!" विसर्जनाच्या मिरवणुकीत हेच लोक तीन-तीन तास एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचतात, तेव्हा कोणी शी करत नाही.

आणि तिसरं, टर्न चुकतोय असं वाटलं तर फॉलोने हात सरळ सोडून द्यावा. हे पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायला हवं. टर्न तुटला तर काही बिघडत नाही, पुढच्या एक-दोनला परत धरता येतो.

यंदाच्या वर्कशॉपसाठी हे सगळं मी डान्स क्लबला लेखी दिलंय. "वेळ कुठे आहे? दीड तासात नाच बसवायचाय," असं उत्तर आलं. बसवा बापडे! तोपर्यंत आम्ही सात-आठ जण प्रॅक्टिकल्स संपल्यावर वर्कशॉपमागच्या पॅसेजमध्ये जमतो. मेकॅनिकलचे दोघं फॉलो शिकतायत, आणि त्यातल्या एकाचा टर्न माझ्यापेक्षा स्वच्छ येतो. यायचं असेल तर रबरी सोलचे नवे कोरे बूट नकोत, पाय जमिनीला चिकटतो आणि पीळ गुडघ्यात जातो. तळ झिजलेले जुने असतील ते घालून या.