पान वाढता तसं पान मांडा

आमच्या सोसायटीच्या नोटिसा गेली काही वर्षं मीच करतो. दोन वर्षांपूर्वी पाण्याची टाकी धुवायची होती, तेव्हाचीही नोटीस माझीच. वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी, ‘जाहीर सूचना’ ही अक्षरं लाल आणि त्यांना पिवळी सावली. खाली मजकूर सुरू व्हायचा तो असा: ‘सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, कार्यकारिणीच्या सभेत सर्वानुमते ठरल्याप्रमाणे...’ मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी चार पाणी बंद, ही गोष्ट सातव्या ओळीत. मंगळवारी साडेदहाला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी केसांना शिकेकाई लावलेल्या अवस्थेत दारात उभ्या.

“आजी, नोटीस लावली होती की,” मी म्हणालो.

“लावली होतीस रे. मला वाटलं, सत्यनारायण आहे.”

त्या दिवशी माझ्या वेलबुट्टीने राम म्हटला.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की आता घरोघरी छापखाना झालाय. भिशीचं बोलावणं, हळदीकुंकू, वाचनालयाची सूचना, गणेश मंडळाचा अहवाल, शिकवणीची जाहिरात, बारशाची पत्रिका, सगळं कुणीतरी घरच्या घरी मोबाईलवर करतं. या सगळ्यांना माझं सांगणं आहे: थोडं कमी सजवा आणि थोडं जास्त मांडा. त्यासाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असायला हव्यात असं नाही. मी इंटरमिजिएटला नापास आहे.

मांडणी आपल्याला येत नाही असं म्हणू नका. जेवायला बसायची वेळ झाली की आपण ‘पानं घ्या’ म्हणतो, तेव्हा मांडणीच करत असतो. मीठ वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड. डाव्या अंगाला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. खाली मधे वरणभाताची मूद. हा क्रम कुणी हौसेने ठरवलेला नाही. जे उजव्या हाताने सारखं कालवायचं ते उजवीकडे, जे बोटभर चाखायचं ते डावीकडे. आणि मधली जागा रिकामी, कारण जेवायला हात फिरायला हवा. चटणी भाताएवढी वाढली तर कुठलीही सासू टोकेल. लिहिलेल्या पानाला मात्र आपण चटणीची मूद आणि भाताचं बोट वाढतो, आणि कुणी टोकत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? मोबाईल बाजूला ठेवून. एका चिठोऱ्यावर तीन शब्द लिहा: काय, कधी, कुठे. प्रत्येकासमोर उत्तर लिहा. ही तीन उत्तरं म्हणजे तुमचा वरणभात; ती मोठ्या अक्षरांत येणार. बाकी सगळं डावीकडचं. माझी टाकीची नोटीस आता अशी असते:

मंगळवारी पाणी नाही
सकाळी १० ते दुपारी ४
टाकी धुणार आहोत. सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.

पहिली ओळ सगळ्यात मोठी आणि ठळक. दुसरी तिच्या निम्मी. तिसरी साधी. खाली उजव्या कोपऱ्यात ‘सचिव’ आणि तारीख. सभासद आजही सन्माननीयच आहेत. पण त्यांचा सन्मान त्यांचे केस धुऊन होण्यात आहे. लक्षात घ्या, यात कुठलंही चित्र नाही, कुठलाही रंग नाही, आणि तरी ही माझी सगळ्यात देखणी नोटीस आहे. अक्षरांचे आकार तीन. चौथा आकार घ्यावासा वाटला, तर समजा की मजकूर जास्त झालाय.

दुसरी गोष्ट, मोकळी जागा. शाळेच्या वहीत डावीकडे लाल रेघ मारून बाईंनी आपल्याला समास सोडायला लावला. मोठेपणी आपण तो गिळला. कागदाचे पैसे दिलेत तर काठापर्यंत भरून घ्यावा, असं आपल्याला वाटतं. जुन्या छापखान्यात मोकळी जागा आपोआप येत नसे. दोन ओळींत अंतर हवं असेल तर कंपोझिटरला तिथे शिशाची पट्टी घालावी लागे. कोरी जागा हीसुद्धा वजनदार, हाताने बसवायची वस्तू होती. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत-मराठी पुस्तकं कुठल्या जुन्या वाचनालयात मिळाली तर उघडून पाहा. अक्षरांचं वळण जितकं नेटकं, तितकीच नेटकी त्यांच्या भोवतीची जागा. त्या काळी कागद आजच्यापेक्षा महाग होता.

इतकं मागे जायचं नसेल तर स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे पाहा. जयंत साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ तिथे लटकत असेल. एका पानावर तारीख, वार, तिथी, नक्षत्र, सण, एकादशी, संकष्टी, चंद्रोदय, एवढं सगळं कोंबायचं काम कुणाही चित्रकाराला घाम फोडेल. तरी पोळी लाटता लाटता, चार हातांवरून, आज किती तारीख ते दिसतं. कारण तारखेचा आकडा दणदणीत आहे आणि तिथी बारीक आहे. ज्याला तिथी हवी तो जवळ जातो. रविवार आणि सुट्ट्या लाल. म्हणजे लाल रंगाला तिथे अर्थ आहे, तो नटायला आलेला नाही. आणि चौकोनात उरलेल्या जागेचं आपण काय करतो? दूध अर्धा लिटर, गॅस आला, बाई आली नाही. मोकळी जागा वाया जात नाही, ती वाचणाऱ्याच्या कामी येते. तुमच्या पत्रकालाही चारी बाजूंनी निदान बोटभर समास सोडा. फलकावर टाचणी टोचायलासुद्धा तो लागतो.

आता थोडं आपल्या लिपीबद्दल. मांडणीचे बरेचसे सल्ले रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात आणि देवनागरीला ते तसेच लागू पडत नाहीत. आपली अक्षरं तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. एका ओळीत ‘पूर्वसूचना’ आणि तिच्या बरोबर खाली ‘कार्यकारिणी’ असं लिहून दोन्ही ओळी चिकटवून पाहा. वरच्याचे ऊकार खालच्याच्या रफारात आणि वेलांटीत पाय घालतात. म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. एवढ्या एका बदलाने निम्मी पत्रकं सुधारतील.

महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय सोडा. ‘सूचना’ खाली रेघ मारली की ती नेमकी ऊकाराला कापते. शब्द ठळक करा, पुरे. अक्षरं एकमेकांपासून लांब ओढू नका. शिरोरेघ तुटली की शब्दाची माळ सुटते. आणि सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. वर ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘ह्य’ यांसारख्या जोडाक्षरांची पोटं भरून नुसते काळे ठिपके उरतात.

मजकूर मधोमध घेण्याचा मोहही आवरा. पत्रिकेच्या चार ओळी मधोमध शोभतात. पण दहा ओळींची सूचना मधोमध घेतली की प्रत्येक ओळ नव्या ठिकाणी सुरू होते आणि डोळ्यांना दर वेळी नवं दार शोधावं लागतं. डावी कड सरळ ठेवा. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही नको. मराठी शब्द लांबलचक, अरुंद रकान्यात ते ताणले की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. पानभर मजकूर असेल तर एका ओळीत दहा-बारा शब्द पुरेत.

फाँट किती? एक. फारच हौस असेल तर शीर्षकाला दुसरा. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केला. आज मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, आयआयटी मुंबईतून आलेला ‘शोभिका’ असे चांगले फाँट मोफत मिळतात. मजकुराला मुक्ता, शीर्षकाला बालू, ही जोडी सहसा दगा देत नाही. निवडताना एवढं बघा, की ‘ल’ आणि ‘श’ आपले आहेत का. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श मान्य केला. पुष्कळ फाँट मात्र हिंदीची वळणं देतात. वाचायला अडत नाही, पण मराठी डोळ्याला पाहुणा ओळखू येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट तर मराठी वळणांसाठीच केलेला आहे, तोही मोफत.

फाँटपेक्षा जास्त जपा तो ‘ऱ्य’. एका मंडळाच्या वार्षिक स्नेहभोजनाच्या पत्रकात मी वाचलं होतं, ‘आचार्यांचा सत्कार’. लोक शाल-श्रीफळ घेऊन कुणी विद्वान येणार म्हणून वाट पाहत बसले. सत्कार होता तो आचाऱ्यांचा, पाचशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्यांचा. एका रफाराने भटारखान्यातून गुरुकुलात नेलं. कीबोर्डवर ‘ऱ’ हे अक्षर आहे, फक्त शोधावं लागतं.

रंगांचं सांगणं थोडक्यात. पांढऱ्यावर काळं, आणि सोबतीला एक रंग. लालवर हिरवं किंवा हिरव्यावर लाल कधीच नको. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्यात असतात आणि ती तसं सांगत फिरत नाहीत. फोटोवर अक्षरं लिहू नका. फोटोत आधीच झाडं, साड्या आणि चेहरे आहेत. शंका आली तर पत्रकाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. झेरॉक्समध्ये जे वाचता येत नाही, ते रंगीतमध्येही नुसतं अंदाजाने वाचलं जातं.

चित्र टाकायचं तर एकच, आणि ते काही सांगणारं. रक्तदान शिबिराच्या फलकावर शुभेच्छुकांचे बावीस चेहरे आणि शिबिराची वेळ कुठेतरी कमरेखाली, हे आपण रोज चौकात पाहतो. त्या बावीस जणांनी तरी तिथे रक्त दिलं असेल, अशी आशा करू या.

कुणी म्हणेल, सगळंच असं कोरडं केलं तर मजा काय? मजा हवीच. लग्नपत्रिकेवर कुलस्वामिनी असावी, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ हेही असावं. फक्त ते मुहूर्तापेक्षा मोठं नसावं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवा. नाटकाचा सगळा स्वभाव ते त्या दोन-तीन शब्दांत आणत, आणि प्रयोगाची वेळ, नाट्यगृह, तिकीटविक्री हे साध्या टायपात शेजारी स्वस्थ बसलेलं असे. हौस एका जागी करा आणि मनापासून करा. बाकी पान शांत राहू द्या.

शेवटी एक चाचणी, फुकटातली. पत्रक लावण्याआधी किंवा ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या नाहीतर शेजारच्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. मोबाईलवर पाठवणार असाल तर मोबाईलच द्या, आणि चिमटीने मोठं करून दाखवू नका. मनात पाचपर्यंत मोजा, परत घ्या, आणि विचारा: काय आहे, कधी आहे, कुठे आहे? तिन्ही उत्तरं आली तर बिनधास्त लावा. एकही चुकलं तर त्यांच्या चष्म्याला दोष देऊ नका. घरी या, आणि पानातलं काहीतरी काढा.

आमच्याकडे ही परीक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी घेतात. गेल्या आठवड्यात त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस परत पाठवली. अक्षरं बरी होती. मी वार लिहायला विसरलो होतो.