परसबाग शाळेची, गणित कोणाचे?

सुपा (ता. पारनेर) : पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुपा परिसरात जमिनीची मोजणी हा रोजच्या बोलण्याचा विषय आहे. औद्योगिक वसाहत वाढली, रस्त्याकडेच्या शेतांचे भाव बदलले आणि एकरांत बोलणारी माणसे गुंठ्यांत बोलू लागली. ज्या गावात चहाच्या टपरीवरही क्षेत्रफळाचा हिशेब चालतो, त्या गावातील पाचवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाळेच्या आवाराचे क्षेत्रफळ काढता येते का? परसबागेच्या निमित्ताने हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

शाळेत परसबाग असावी, हे धोरण आता नवे राहिलेले नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माध्यान्ह भोजन योजनेचे २०२१ मध्ये ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नामकरण झाल्यावरही हा उपक्रम पुढे चालू राहिला. महाराष्ट्रात परसबागांच्या स्पर्धाही झाल्या. मात्र यातील बहुतेक चर्चा भाजी, पोषण आणि छायाचित्रे यांभोवतीच फिरते. वाफा किती रुंद असावा, रोपे किती आणावीत, जाळी किती मीटर लागेल, हे निर्णय सामान्यतः मोठी माणसे घेतात. मुलांच्या वाट्याला पाणी घालणे आणि तण काढणे येते. बागेतील श्रम मुलांचे आणि गणित मोठ्यांचे, अशी ही विभागणी आहे.

आकडे काय सांगतात?

प्राथमिक गणिताची स्थिती लपलेली नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना किमान वजाबाकी येत होती. भागाकार येणारी पाचवीची मुले ३०.७ टक्के होती. २०२२ मध्ये हीच प्रमाणे अनुक्रमे २५.९ आणि २५.६ टक्के होती. सुधारणा निश्चित आहे, तरीही पाचवीतील दहांपैकी जवळपास सात मुले भागाकाराच्या अलीकडेच राहतात.

त्याहून बोलका आकडा २०२३ च्या अहवालात आहे. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींना पट्टीवर वस्तूची लांबी मोजायला सांगण्यात आली. वस्तूचे टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के जणांना उत्तर देता आले. टोक शून्यावरून पुढे सरकवताच हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत घसरले. याचा अर्थ, अनेकांनी लांबी मोजलीच नव्हती. त्यांनी पट्टीवरचा शेवटचा आकडा वाचला होता. लांबी म्हणजे दोन टोकांमधील अंतर, ही कल्पना दहावीच्या वयापर्यंतही रुजलेली नसेल, तर परिमिती आणि क्षेत्रफळाची सूत्रे पाठ होऊनही पोकळ राहतात. बागेत हाती येणाऱ्या टेपचे पहिले दहा सेंटीमीटर बहुधा तुटलेलेच असतात. तिथे वजाबाकी केल्याशिवाय मोजमाप पुढे सरकत नाही.

चोवीस मीटर जाळीचा प्रश्न

परसबागेचा आराखडा मुलांनी करायचा म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. शाळेकडे २४ मीटर जाळी आहे, असे समजू. तिच्यात आयताकृती बाग बसवायची आहे. १० बाय २ मीटरची बाग केली तर क्षेत्रफळ २० चौरस मीटर होते, ८ बाय ४ ची केली तर ३२ आणि ६ बाय ६ ची केली तर ३६. परिमिती तीच, जमीन मात्र वेगळी. पाठ्यपुस्तकात दोन स्वतंत्र सूत्रे म्हणून येणारी परिमिती आणि क्षेत्रफळ येथे एकाच जाळीत समोरासमोर येतात. दर दोन मीटरवर खांब रोवायचा असेल तर या बागेला १२ खांब लागतात. तीच जाळी सरळ रेषेत उभारली तर १३. हा एका खांबाचा फरक फळ्यावर समजावण्यापेक्षा खड्डे खणताना लवकर उमगतो.

पुढचा प्रश्न वाफ्यांचा. मुलाचा हात एका बाजूने साधारण ६० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो असे धरले, तर दोन्ही बाजूंनी काम करता येण्याजोगा वाफा १.२ मीटर रुंद होतो. सहा मीटर रुंदीत असे चार वाफे बसवले तर पायवाटांसाठी फक्त १.२ मीटर उरते आणि ४० सेंटीमीटरच्या तीनच वाटा निघतात. लागवड २८.८ चौरस मीटर होते खरी. पण जाळीला लागून असलेल्या दोन वाफ्यांच्या पलीकडच्या कडेपर्यंत हात जात नाही. तीन वाफे आणि ६० सेंटीमीटरच्या चार वाटा ठेवल्या तर लागवड २१.६ चौरस मीटरवर येते, म्हणजे एकूण जागेच्या तीन पंचमांश. कोणता आराखडा चांगला? उत्तर एकच नाही, आणि या कामाचे शैक्षणिक मोल नेमके तिथेच आहे. मुलांना आपली निवड आकड्यांनी पटवून द्यावी लागते.

रोपांचा हिशेबही असाच. १.२ बाय ६ मीटरच्या वाफ्यात ६० बाय ४५ सेंटीमीटर अंतराने टोमॅटो लावायचे आहेत. वहीतल्या भागाकाराचे उत्तर येते २६ पूर्णांक दोन तृतीयांश. दोन तृतीयांश रोप कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. प्रत्यक्षात दोन ओळी बसतात. ६०० सेंटीमीटरच्या ओळीत ४५ चे तेरा भाग पडतात आणि १५ सेंटीमीटर बाकी उरते. कडेपासून अर्धे अंतर सोडून सुरुवात केली तर ओळीत १३ रोपे, अगदी कडेपासून केली तर १४. ‘बाकी’ या शब्दाला येथे जमिनीचा तुकडा मिळतो.

पाण्याचा आणि ताटाचा हिशेब

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला आहे. येथे बाग आखताना पाण्याचा हिशेब टाळता येत नाही. रोज चौरस मीटरला चार लिटर पाणी धरले तर वरच्या तीन वाफ्यांना ८६.४ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या सहा बादल्या लागतात. दुसरीकडे, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळे पाणी साठवता आले, तर २,५०० लिटर होतात. बागेची जवळपास महिनाभराची सोय. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने २००४ पासून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. तेथील पीकपद्धती ठरवण्यामागे हीच बेरीज-वजाबाकी आहे. गाव जे करते, त्याची लहान आवृत्ती शाळेला करता येते.

भाजीचा हिशेब अधिक कसोटीचा आहे. पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यामागे रोज ५० ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. चाळीस मुलांच्या शाळेला रोज दोन किलो आणि २२ दिवसांच्या महिन्याला ४४ किलो भाजी लागते. समजा बागेतून महिन्याला ११ किलो निघाली, तर गरज एक चतुर्थांशच भागली. स्पर्धेच्या अहवालात ‘भरघोस उत्पादन’ लिहिणे सोपे असते. मुलांनी तराजूवर मोजून भिंतीवर लावलेला तक्ता मात्र खरे तेच सांगतो.

वारसा जुना, अंतर जवळचे

या विचाराची मुळे महाराष्ट्रातच आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने झालेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई आणि शेतीच्या कामातून अंकगणित शिकवावे, ही त्यामागील भूमिका होती. सेवाग्रामचे ‘आनंद निकेतन’ विद्यालय २००५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि शेतीकामाला तेथे अभ्यासाचे स्थान मिळाले. पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून आकाराला आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस शेती, बांधकाम, ऊर्जा आणि आरोग्याचे प्रत्यक्ष काम करतात. हा उपक्रम माध्यमिक शाळांसाठीचा आहे. मापनाची गोची मात्र त्याआधीच, चौथी-पाचवीत होते.

अडचणी खऱ्या आहेत

दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या शाळेत असा उपक्रम चालवणे सोपे नाही. माहिती भरण्याच्या कामातून शिक्षकांना उसंत मिळत नाही. ‘मुलांना शाळेत खुरपायला पाठवत नाही,’ ही पालकांची तक्रारही उडवून लावण्याजोगी नाही. शेतमजुरी करणाऱ्या घरांत ती अधिक तीव्र असते. मुलांकडून केवळ कष्ट करून घेतले जात असतील तर पालकांचेच बरोबर आहे. शिवाय पाढे, हातच्याची बेरीज, भागाकाराची रीत यांना सरावाची जागा लागते. बाग ती घेऊ शकत नाही.

तरीही वेळ काढता येतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि खरिपाचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. जूनमध्ये मोजणी आणि आराखडा, जुलैत लागवड, दिवाळीपूर्वी तोडणी व हिशेब असे वेळापत्रक आखले तर उन्हाळ्यातील पाणीटंचाई आड येत नाही. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात या मोजमापाला सहज जागा देता येईल. खर्चही फार नाही. एक टेप, सुतळी, खुंट्या, तराजू आणि चौकटीच्या वह्या एवढ्यावर काम भागते. शिक्षण विभागाने परसबागेचे मूल्यमापन करताना वाफ्यांच्या टवटवीतपणाबरोबर मुलांनी काढलेला आराखडाही मागावा. तेवढ्याने बराच फरक पडेल.

सुपा परिसरातील मुलांसाठी हा प्रश्न परीक्षेतील गुणांपुरता नाही. ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा बाजारात बोलला जातो. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा त्याहून चौरस मीटरभर मोठा. या दोन भाषांच्या मधल्या जागेत मध्यस्थाचे फावते. सहा बाय सहा मीटरची बाग स्वतः आखलेल्या मुलाला शंभर चौरस मीटर म्हणजे किती, हे पायाखालच्या जमिनीवरून सांगता येते. उद्या घरातील कागदावर सही करण्याची वेळ येईल, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबून राहावे लागणार नाही.