एजंट नवा आलाय, पण त्याला नीट सांगणार कोण?

आपल्या वेल्ह्यात 'एजंट' म्हटलं की डोळ्यासमोर एकच माणूस येतो. काखेत फाईल, खिशात दोन पेनं, आणि "द्या इकडं, मी करतो." आता मोबाईलमधला एजंट येऊ घातलाय, एआय एजंट. त्याला नुसतं तोंडानं सांगायचं, बाकीची खटपट तो करणार. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, महाविस्तार ॲप आणलं. म्हणजे ही काही अमेरिकेतली गोष्ट राहिली नाही.

मला या हुशारीचं कौतुक आहे. भीती वेगळीच वाटते, ती सांगतो.

या एजंटला स्वतःला सातबारा वाचता-काढता येतोच असं नाही. त्याच्या हाताशी छोटी छोटी अवजारं दिलेली असतात, म्हणजे साधे प्रोग्रॅम. एक गट नंबर शोधणारं, एक पावसाचा अंदाज आणणारं, एक क्षेत्राचा हिशेब करणारं. कुठलं कधी उचलायचं, हे तो त्या अवजारासोबत लिहिलेल्या चार ओळी वाचून ठरवतो. अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत आणली, त्यातसुद्धा मुख्य गोष्टी ह्याच: अवजाराचं नाव, त्याचं वर्णन, आणि त्याला कुठली माहिती पुरवायची ते. वर्णन चुकलं की एजंट चुकला. आणि तो चुकतो तेव्हा अडखळत नाही राव, एकदम ठासून चुकतो.

माझा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीत आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून आमच्या भात पिकवणाऱ्या गटासाठी असं एक अवजार केलं. पंधरा जणांचे सातबारे हातानं टाकले. वर्णन त्यानं लिहिलं, "शेतकऱ्याचं क्षेत्र देते." झालं. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, माझ्या वावराला बियाणं किती लागेल? सातबाऱ्यावर होतं ०.४०.००. आपल्याला ते वाचता येतं: ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर. एजंटनं धरलं ०.४० एकर, म्हणजे सोळा गुंठे! बियाणं निम्म्याहून कमी सांगितलं. नशीब, विचारणारा म्हातारा पक्का होता. म्हणाला, "ह्याला वावर दाखवून आणा आधी."

दुसऱ्याचं त्याच्या उलट झालं. आपल्या डोंगरउतारावर पोटखराबा किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. एजंटनं खडकासकट सगळ्या क्षेत्राला खत सांगितलं.

मग पुतण्याला बाजूला बसवून वर्णन मी लिहिलं. ते असं: "हे अवजार सातबाऱ्यावरचं लागवडीयोग्य क्षेत्र देतं. आकडा हेक्टर, आर, चौरस मीटर असा वाचावा. ०.४०.०० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. पोटखराबा यात धरलेला नाही. खातेदार एकापेक्षा जास्त असतील तर कुणाच्या वाट्याचं हवं ते आधी विचारावं, अंदाज करू नये. गट सापडला नाही तर तसं सांगावं, शेजारचा गट देऊ नये." प्रोग्रॅमची एक ओळ बदलली नाही. एजंट सुधारला.

आता हेच सरकारी कामाला लावून बघा. आपल्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं, पण जुन्या कागदांवर वेल्हेच आहे आणि वेल्हे गावही जागेवर आहे. हे कुणी लिहून दिलं नाही तर यंत्राला कळणार कसं? फुकट बघायला मिळणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, कामाला चालतो तो १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा. वरवर बघितलं तर दोन्ही सारखेच वाटतात. एजंटनं पहिला काढून दिला तर पानशेतकडच्या माणसाची तालुक्याची एक खेप वाया, आणि त्या दिवसाची मजुरीही.

गंमत बघा, हे काम आपल्याकडं पूर्वी झालेलं आहे. इंग्रजांच्या काळात अँडरसन नावाच्या साहेबानं महसुली हिशेबाचं मॅन्युअल लिहिलं. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ७ म्हणजे मालकी-हक्क, १२ म्हणजे पिकं, ८-अ म्हणजे खात्यावरची सगळी जमीन. कोणता नमुना कुणी भरायचा, कशावरून भरायचा, सगळं लिहिलेलं. नवा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसलेलं जात नाही) ते वाचून कामाला लागायचा. साहेब गेला तरी नमुने टिकले, कारण ते नीट लिहून ठेवले होते.

काही जण म्हणतील, एआय अजून हुशार होईल, आपोआप समजेल. नाही समजणार. पोटखराबा हुशारीनं कळत नाही, कुणीतरी सांगावा लागतो. आणि सांगणारा मुंबईच्या टेबलावरचा नको, रोज लोकांच्या अर्जाला तोंड देणारा हवा. माझी मागणी साधी आहे. सरकार जे जे अवजार या एजंटच्या हाती देईल, त्याचं वर्णन मराठीत सगळ्यांना वाचायला खुलं ठेवावं, आणि ते लागू करण्याआधी एका तलाठ्याला आणि एका सेतूचालकाला वाचायला द्यावं. खर्च काय, दोन चहा.

आमच्या अवजाराचं पूर्ण वर्णन पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. निवृत्त भाऊसाहेब मंडळींनी चुका काढाव्यात, अजिबात भीड धरू नये. वरकस जमिनीचं काय लिहायचं यावर आम्ही दोघं अडलोय. आणि तुमच्या गावाचं नाव एखाद्या ॲपमध्ये चुकीचं किंवा बु.-खु. उलटं येत असेल तर तेही खाली लिहा. यादी करतोय.