एक रूळ, दोन गाड्या

भीमाशंकरच्या रस्त्याला, घोडेगावच्या पुढे एका वाडीत आम्ही दिवाळीत पाहुणे होतो. त्या भागात रेल्वे नाही. गाडी पाहायची तर एस. टी. धरून पुणे गाठावे लागते. पण त्या घरात खेळण्यातल्या दोन आगगाड्या होत्या आणि त्यांवरून दोन चुलत भावांत अबोला होता!

थोरल्याचे वडील बोटीवर नोकरीला. त्यांनी अमेरिकेहून कोरी गाडी आणलेली. धाकट्याची आई पुण्यात घरकाम करते. तिला मालकिणीने आपल्या मुलाची जुनी जर्मन गाडी दिलेली. थोरला म्हणाला, "तुझी मागून आणलेली गाडी माझ्या रुळावर नको." त्या माउलीने ते ऐकले. बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

आजोबा रेल्वेच्या शेडमधले निवृत्त खलाशी. त्यांनी दोघांना जवळ बसवले.

"अरे, १९६२ साली अमेरिकेहून आल्को कंपनीची डिझेल इंजिने आली. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून डबे होऊ लागले, त्यांचा आराखडा स्वित्झर्लंडचा. अमेरिकी इंजिनाने स्वीस डबे ओढलेच ना? इंजिनाला दोन्ही तऱ्हेचे कपलिंग होते, म्हणून जमले."

मग त्यांनी पट्टी घेऊन मोजले. दोन्ही गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाच्या. रुळांतले अंतर दोन्हींचे साडेसोळा मिलिमीटर. म्हणजे वाट एकच!

अडचण विजेची होती. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे सरळ लावला तर जळतो. जर्मनीची वीज मात्र आपल्यासारखीच. म्हणून धाकट्याचा ट्रान्सफॉर्मर वायर तपासून लावला. एका रुळाला एकच ट्रान्सफॉर्मर, दोन कधीही जोडू नयेत. मेर्कलिन कंपनीच्या जुन्या जर्मन गाड्या मात्र मधल्या तिसऱ्या स्पर्शावर आणि एसी विजेवर चालतात. त्या अशा दोन पट्ट्यांच्या रुळावर ठेवू नयेत. ही गाडी तशी नव्हती.

वळण अमेरिकी पेटीतले घेतले, १८ इंच त्रिज्येचे. जर्मन पेटीतले ३६ सेंटिमीटरचे होते. अशा आवळ वळणावर लांब डबे रूळ सोडतात.

राहिले कपलिंग. जर्मन गाडीला कडीचा आकडा, अमेरिकीला मुठीसारखा. थोरला पक्कड घेऊन आकडा तोडायलाच निघाला होता! आजोबांनी हात धरला. मोडक्या जर्मन डब्याचा आकडा काढून त्यांनी एका अमेरिकी वाघिणीच्या पुढच्या टोकाला स्क्रूने बसवला, उंची जुळवून. मागचे टोक तसेच ठेवले. एका वाघिणीने दोन्ही गाड्या जोडल्या. बाकी कुणाचे काही मोडावे लागले नाही.

संध्याकाळी जुन्या जर्मन इंजिनाने कोऱ्या अमेरिकी वाघिणी ओढल्या. थोरल्याने स्वतः हाक मारली, "काकू, बघायला या, आमची गाडी सुटली!" ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "आमची" हा शब्द तिने ऐकला, आम्हीही ऐकला.

वाचकहो, सवड काढून मुलांना पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवा. १९९८ साली ते सुरू झाले. तिथल्या गाड्याही याच मापाच्या. आणि घरात कुणाची वस्तू जुनी असेल, तर ती कुठून आली हे विचारण्याआधी ती चालते का, एवढेच मुलांना पाहू द्या.